उभ्या माणसांसाठी नाही

"गुडघ्यापर्यंत म्हणजे कुठपर्यंत, खानूम? ठाऊक आहे ना?" तेहरानहून तपासणीला आलेल्या सरकारी बाईंनी दांडीवरचा जांभळा कोट उचलून विचारलं.

"ठाऊक आहे. मापं मीच घेते," आई म्हणाली. तोंडातल्या टाचण्या तिने काढल्या नव्हत्या.

इराकशी युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. आमच्या शेमशकच्या बर्फाळ उतारावर बायका पुन्हा स्की करायला येऊ लागल्या होत्या. सरकारची अट एकच, विजारीवर गुडघ्यापर्यंत कोट हवा. असे कोट आमच्या गावात फक्त माझी आई, बद्री, शिवायची. मी एकोणीस वर्षांची होते आणि तिच्या शेजारी बसून काजं करत होते.

फॅशन आमच्याकडे बॅगेतून यायची. त्या वर्षी ती महवश नावाच्या गिऱ्हाइकाच्या बॅगेतून आली. तिच्या भावाने व्हिएन्नाहून जाकीट आणलं होतं: कमरेपर्यंतच, खांदे फुगीर, जांभळ्यावर झगझगीत हिरवा पट्टा. आईने ते आधी उलटं केलं. बाहेरचा रंग तिने सगळ्यात शेवटी पाहिला. अस्तर कुठे जोडलंय, चेन कुठे थांबते, बाहीला किती तुकडे आहेत, हे ती बोटांनी वाचत गेली. मग म्हणाली, "हात वर केला की ओढणार नाही. हुशार आहे शिवणारा." पंधरा दिवसांत दांडीवर तसे अकरा कोट लागले, लांबी तेवढी वाढवून.

बाईंनी पट्टी काढली. कोट स्वतःच्या अंगाला लावला.

"हा गुडघ्याच्या चांगला चार बोटं वर आहे."

"तुम्ही उभ्या आहात."

"मग? कोट काय झोपून घालायचा?"

मला हसू आलं. आईला नाही.

"घालून बघा," ती म्हणाली. "घाला हो, चावत नाही. आता गुडघे वाकवा. अजून. पुढे झुका, उतारावर आहात असं समजा. महरुख, खानूमना आरसा दाखव."

का कोण जाणे, बाई वाकल्या. कोटाची कड बरोबर गुडघ्याला टेकली.

"मी सगळ्यांना असंच वाकवून मोजते," आई म्हणाली. "उभ्याने मोजला तर वाकल्यावर कापड पायात येतं. गेल्या वर्षी एका मुलीचा लांब कोट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत अडकला होता. खुर्ची तिला घेऊन निघाली. माझ्या नवऱ्याने धावत जाऊन लिफ्ट बंद केली."

बाई तशाच वाकलेल्या होत्या. मग किंचित वळून त्यांनी आरशात स्वतःला एका बाजूने पाहिलं, प्रत्येक गिऱ्हाईक पाहतं तसं. हिरव्या पट्ट्यावरून हात फिरवला. लगेच त्या सरळ झाल्या आणि कोट काढून दिला.

"खाली माया सोडली असेल ना? उसवा आणि लांब करा."

"माया नाही सोडली. जाड कड ओली होते, गोठते, ओढते."

"ही सगळी फॅशनची थेरं आहेत, खानूम."

"हो, आहेत," आई म्हणाली. आता तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "नुसत्या थंडीसाठी घोंगडी पुरली असती."

बाईंनी कागद पुढे केला. यापुढे उभ्या मापाने शिवेन, असं लिहून दिलं की दुकान चालू राहणार होतं. नाही तर आजच सील.

"खानूम, दोन ओळी तर आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सही करा. मीसुद्धा सुटेन."

आईने कागद पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला.

"मी उभ्या माणसांसाठी शिवत नाही."

दुपारी दुकानाला सील लागलं. मशीन आत, अकरा कोट आत. लिफ्टवरून बाबा आले ते तणतणतच. "सही करून टाकायची होती, बद्री! नंतर कोण बघायला येतंय? तुझ्या कोटाची कड आहे ती, देशाची सीमा नाही!"

"चहा घे," आई म्हणाली. "आणि ते कोर्सीवरचं सामान उचल. मला जागा लागणार आहे."

कोर्सी म्हणजे खाली शेगडी असलेलं बुटकं मेज; त्याच्यावरची रजई पायांवर ओढून तिने हाताने शिवायला सुरुवात केली. मोजायला मुली आमच्या स्वयंपाकघरात यायच्या आणि भिंतीला धरून वाकायच्या. कापसासारखं फुगलेलं अस्तर आणि वर पॅराशूटचं कापड, सुई पुढे जायचीच नाही. आई ती उजव्या तर्जनीने दाबून पार करायची. नवरोजपर्यंत नवे अकरा कोट उतारावर गेले. सगळे जांभळे, सगळ्यांवर हिरवा पट्टा, एकही पूर्वीपेक्षा लांब नाही. सुट्टीच्या शुक्रवारी ती खिडकीशी उभी राहून लांबवर उतरणारे जांभळे ठिपके पाहायची. स्वतः ती कधी स्कीवर उभी राहिली नाही.

वसंतात सील निघालं. त्या बाई परत आल्या नाहीत. आईने आणखी पंचवीस वर्षं शिवलं. कोट आखूड झाले, रुंद झाले, पुन्हा घट्ट झाले. ती प्रत्येक नवं जाकीट आधी उलटं करायची.

गेल्या महिन्यात आई गेली. अखेरचं स्नान घालणाऱ्या बाईंनी तिचे हात अंगालगत सरळ ठेवले. उजव्या हाताची तर्जनी मात्र आकड्यासारखी वाकलेलीच राहिली. त्यांनी एकदा दाबून पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली.

"पोरी, हे बोट सरळ होत नाहीये. जरा जोर लावू?"

"नको," मी म्हणाले. "राहू दे."

त्यांनी मान हलवली, आणि वाकलेल्या बोटावरून सावकाश पाणी सोडलं.