पुराव्याचा पक्षी

कमलाकर मास्तरांनी रुतलेला उजवा पाय उपसून काढला, पण वहाण चिखलातच राहिली. वाकून, कोपरापर्यंत हात घालून ती शोधण्याइतका उत्साह आता त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी डाव्या पायातली वहाणही काढून बांधाकडे भिरकावली आणि दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

पक्षी होता. एकरुख तलावाच्या उथळ पाण्यात, लव्हाळ्याच्या पलीकडे चिमणीएवढा पक्षी पोहत होता आणि पोहता पोहता स्वतःभोवती भोवऱ्यासारखा गरगर फिरत होता. मध्येच थांबायचा, पाण्यावरचं काहीतरी टिपायचा आणि पुन्हा फिरायला लागायचा. चिखलावर त्याच्याएवढेच शेकडो पाहुणे पक्षी उतरले होते, पण ते सगळे काठाकाठानं धावत होते. पोहत कुणीच नव्हतं.

"संगप्पा, आला!" मास्तर बांधाकडे वळून ओरडले. "गेल्या वर्षीचा. तोच नसेल, पण त्याच जातीचा!"

बांधावर संगप्पा आपली बाजरी राखत बसला होता. त्यानं गोफण मांडीवर ठेवली आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं.

"ब्येस झालं की."

"मग बंदूक काढा."

"आज? श्रावण हाय मास्तर. आमच्यात श्रावणात बंदुकीला हात लावत न्हाईत. आज्ज्यापासनं चालत आलंय. आमावस्या होऊ द्या, भादव्याच्या पयल्या दिवशी काढतो."

"आज कुठं दशमी. मध्ये पाच दिवस आहेत. तेवढे दिवस तो थांबेल का?"

"ते त्यालाच इचारा की," संगप्पा म्हणाला.

मास्तरांना हसू आलं नाही. मुंबईच्या एका संस्थेकडे ते अकरा वर्षं पक्ष्यांच्या नोंदी पाठवत होते. शाळेत ते ड्रॉइंग शिकवत, आणि दर रविवारी शहरातून चार मैल चालत इथं येत. एकशे बारा पक्ष्यांची यादी झाली होती. संस्था ती आपल्या अंकात छापणार होती, तेवढ्यात गेल्या भादव्यात हा फिरणारा पक्षी दिसला आणि मास्तरांनी मोठ्या हौसेनं तो एकशे तेरावा म्हणून कळवला. तिथून उत्तर आलं ते असं, की समुद्रापासून इतक्या दूर हा पक्षी दिसल्याचं नुसत्या पाहण्याच्या भरवशावर मान्य करता येत नाही. पक्षी मारून त्याचं कातडं पाठवावं. ते न आल्यास निरीक्षकाच्या नजरेविषयीच शंका उत्पन्न होते, आणि मग बाकीची यादीही बाजूला ठेवणं भाग पडेल.

पत्राची भाषा फार सभ्य होती. मास्तरांनी ते इतक्या वेळा वाचलं, की घडीवर फाटलं. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट कशी कुणास ठाऊक फुटली, आणि "काय मास्तर, कातडं मिळालं का?" हा रोजचा विनोद होऊन बसला. पुढच्या वर्षी ते पेन्शनीत निघणार होते. एवढी यादी आपल्या नावानं छापून यावी, याखेरीज त्यांना आता कसलीच इच्छा नव्हती. "छापून आलं की तरी रविवारचे घरी राहाल ना?" असं त्यांच्या पत्नीनं, रुक्मिणीबाईंनी विचारलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं.

आसपासच्या दोन कोसांत बंदूक एकट्या संगप्पाकडे होती. रानडुकरांसाठी सरकारातून परवाना काढलेली, ठासणीची. मास्तरांनी त्याच्या वारलेल्या वडिलांचं चित्र नुसत्या वर्णनावरून काढून दिलं होतं, म्हणून तो शब्दाला नाही म्हणत नव्हता. पण आजोबांची रीतही मोडणार नव्हता.

मास्तरांनी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि पहाऱ्याला बसले.

एकादशीला दिवसभर भुरभुर पाऊस होता. ते घोंगडी पांघरून बसले, पक्षी भिजत फिरत राहिला. द्वादशीला त्यांच्या ध्यानात आलं, की हे फिरणं उगीच नव्हे. फिरून फिरून तो तळाचे बारीक किडे वर आणतो आणि मग टिपतो. हे कुठल्याही पुस्तकातून त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या, पाच चित्रं काढली, आणि दुपारी कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली. त्रयोदशीला पक्षी दिसेना, तेव्हा ते काठानं शोधत फिरले. तासाभरानं तो लव्हाळ्यामागून डुलत बाहेर आला. मास्तर त्याला मोठ्यानं रागावले.

चतुर्दशीला ते बसल्या बसल्या झोपी गेले. दचकून जागे झाले तर शेजारी संगप्पा होता, त्यांची दुर्बीण डोळ्याला लावून.

"हाय, हाय. निजा तुमी. मी बगतोय," तो दुर्बीण न काढता म्हणाला. "मगाशी त्यानं पायानं कान खाजवला. लई गमतीचं हाय."

अमावस्येला संगप्पाची बायको चंद्रव्वा शेंगांच्या पोळ्या घेऊन बांधावर आली.

"बर्री मास्तर, या, खाऊन घ्या," ती म्हणाली. मग पाण्याकडे पाहत तिनं विचारलं, "कुटनं आला म्हनायचा ह्यो?"

"उत्तरेकडून. बर्फाच्या मुलखातून. समुद्रावर जायचाय त्याला."

"मग हितं कशापायी थांबला?"

"दमला असेल."

"दमला व्हय," चंद्रव्वा म्हणाली. "खाऊ दे बाई पोटभर." आणि तिनं मास्तरांच्या हातावर आणखी एक पोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाद्रपद लागला. मास्तर उजाडताच आले. सदऱ्याच्या खिशात एक डबी होती, तिच्यात कातडं टिकवायला कापूस आणि रुक्मिणीबाईंकडून आणलेली तुरटीची पूड. थोड्या वेळानं संगप्पा बंदूक घेऊन आला. सर्वांत बारीक छर्रा त्यानं रात्रीच निवडून ठेवला होता. तो लव्हाळ्याच्या कडेला गुडघ्यावर बसला, बंदूक ठासली, टिकली बसवली आणि दस्ता खांद्याला टेकवला.

"दावा."

पंधरा हातांवर पक्षी फिरत होता. एवढा जवळ तो पाच दिवसांत आला नव्हता. त्याच्या पिसांच्या कडा, डोळ्यामागचा काळा पट्टा, सुईसारखी चोच, सगळं मास्तरांना दुर्बिणीवाचून दिसत होतं. अशी नोंद करायला माणसाला आणखी काय लागतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दाखवायला बोट उचललं, आणि ते उचललेलं बोट तसंच खाली घेतलं.

"गेला," ते म्हणाले.

संगप्पानं नळीवरून मान उचलली नाही. नळीच्या टोकासमोर पक्षी गरगर फिरत होता. एकदा थांबून त्यानं पंख झटकले.

"कवा गेला?"

"आत्ताच."

संगप्पानं एकदा पक्ष्याकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग त्यानं घोडा हळूच खाली घेतला आणि टिकली काढून मुंडाशात खोचली.

"व्हय की," तो म्हणाला. "गेला."

दोघं बांधावर येऊन बसले. मास्तरांना फार थकल्यासारखं वाटत होतं. अकरा वर्षांचे रविवार पाण्यात गेले होते आणि ते स्वतःच्या हातानं घालवले होते. त्याचं त्यांना वाईट वाटलं. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, खूपच वाईट वाटलं. पण संस्थेला कळवणं उद्यावर टाकलं तर आपण पुन्हा बोट उचलू, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी वहीतून पोस्टकार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं लिहायला घेतलं.

"मुंबईला?" संगप्पानं विचारलं.

"हो."

"काय लिवताय?"

"मी पाहिलेला पक्षी तो नव्हता. पाहण्यात चूक झाली."

"आनि तुमची ती यादी?"

मास्तर लिहीत राहिले. संगप्पानं बंदूक मांडीवर आडवी घेतली. पाण्यावर तो अजून फिरतच होता, आणि संगप्पाची नजर काही तिथून हलत नव्हती.

"मास्तर, माजं बी नाव घाला की त्यात."

"तुमचं कशाला?"

"कशाला म्हंजे? मी बी बगितलाय की त्याला."

मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि स्वतःच्या सहीखाली संगप्पाचं नाव लिहिलं.