रविवारी न थांबणारा ट्रक

मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे, त्यामुळे सांगितल्याशिवाय तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुना फ्रिजवाला ट्रक आहे. माझ्या पाठीवर एक लांबलचक थंड पेटी आहे आणि तिच्या कपाळावर गारवा करणारे यंत्र. दक्षिण स्पेनमधल्या शेतांतून स्ट्रॉबेरी भरायची आणि ती नासण्याआधी जर्मनीत पोहोचवायची, हे माझे काम.

माझा चालक इलिये. उत्तर रोमानियातल्या डोंगराळ खेड्यातला, अबोल माणूस. नवा कोरा असताना मी त्याच्या हाती आलो आणि पुढची अकरा वर्षे त्याचाच राहिलो. दर फेरीनंतर तो माझी पेटी स्वतः धुवायचा. "वास राहिला तर फळाला लागतो," असे पुटपुटायचा. माल उतरवून घेणारे लोक माझ्या पेटीत डोकावून म्हणायचे, "इतका स्वच्छ ट्रक बघितला नाही!" तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

आमच्याकडे रविवारी मोठ्या ट्रकांना रस्ता बंद असतो. पण ताजी फळे, दूध, मासे असा नाशवंत माल असेल तर सूट मिळते. ही सूट ऐकायला छान वाटते. पण तिचा अर्थ असा, की सगळे थांबले तरी आम्ही थांबायचे नाही. थांब्यांवर ट्रकांच्या रांगा लागलेल्या असायच्या. चालक खुर्च्या टाकून पत्ते खेळायचे, दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे. त्यांच्यात बोगुमिल नावाचा एक जाडजूड पोलिश चालक होता. तो वॉशिंग मशिने वाहायचा. आम्ही दिसलो की हात वर करून ओरडायचा, "ए स्ट्रॉबेरी! थांब की जरा, सूप तयार आहे!"

इलिये हॉर्न वाजवायचा आणि पुढे जायचा.

त्याला सुट्टी मिळायची नाही असे नाही. ती आठवड्याच्या मधेच कधीतरी, परक्या गावात मिळायची. तेव्हा त्याची बायको व्हियोरिका कामावर असायची आणि मुलगी रुक्सांद्रा शाळेत. तो फोन हातात घेऊन बसायचा, घड्याळ बघायचा आणि फोन खिशात ठेवायचा. थांब्यावरही आमच्या शेजारी कोणी नसायचे. माझे यंत्र रात्रंदिवस घरघरते, झोप लागत नाही, म्हणून सगळे आम्हाला दूरच्या कोपऱ्यात पिटाळायचे.

मग मे महिन्यातल्या एका गुरुवारी स्पेनमधल्या गोदामातल्या कारकुनाने माझी पार आतली पाव जागा जॅमच्या डब्यांनी भरून टाकली.

"अहो, हे चालत नाही रविवारी," इलिये म्हणाला.

"कोण बघतंय? दार उघडलं की पुढे स्ट्रॉबेरीच दिसेल. तू फक्त चालव."

रविवारी सकाळी जर्मनीत एका पोलीस बाईंनी आम्हाला एका थांब्यावर बाजूला घेतले. त्या पेटीत चढल्या, पार आतपर्यंत गेल्या आणि एक डबा घेऊन उतरल्या.

"हा कधी नासतो?"

"दोन वर्षांनी," इलिये खाली मान घालून म्हणाला.

"मग तुम्हाला सूट नाही. रात्री दहापर्यंत इथंच थांबायचं."

आम्ही नेहमीसारखे कोपऱ्यात जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने बोगुमिल पातेले सांभाळत आला. "धरलं एकदाचं तुला! बिटाचं सूप आहे, गरम आहे तोवर खा. आणि घरी फोन कर. रविवार आहे आज."

इलियेने फोन लावला. व्हियोरिका कुजबुजत म्हणाली, "आम्ही चर्चमध्ये आहोत. थांब, ठेवू नकोस. रुक्सांद्रा गातेय."

फोनमधून बारीक, स्वच्छ आवाज येऊ लागला. इलिये जागीच उभा राहिला. मित्रांनो, नेमका त्याच वेळी माझ्या यंत्राचा पट्टा तुटला. घरघर बंद पडली, लाल दिवा लागला. इलियेने दिवा पाहिला. एक पाऊल माझ्याकडे टाकले. मग ते पाऊल मागे घेऊन त्याने फोन कानाला घट्ट दाबला. गाणे लांब होते. ऊन वाढत होते, आणि माझ्या पोटातला गारवा हळूहळू ओसरत होता. मला काहीच करता येत नव्हते.

गाणे संपल्यावर रुक्सांद्राने फोन घेतला. "बाबा? आज चुकून रविवार आला का तुला?"

"पोलिसांनी दिला," तो म्हणाला. "तू कधीपासून गातेस?"

"दोन वर्षं झाली."

मग तीच म्हणाली, "फळं नासतात म्हणून तू थांबत नाहीस. आणि मी काय डब्यातली आहे? आहे तशीच राहणार?"

इलिये बराच वेळ माझ्या चाकाला टेकून बसला. नंतर त्याने आणि बोगुमिलने मिळून पट्टा बदलला, पण व्हायचे ते होऊन गेले होते. सोमवारी तपासनिसाने फळ दाबून पाहिले, बोट आत गेले. जवळजवळ सगळा माल परत. आमचा मालक तावातावाने विचारू लागला, "लाल दिवा दिसला नाही तुला?"

"दिसला होता," इलिये म्हणाला आणि त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

जाण्यापूर्वी त्याने माझी पेटी शेवटची धुतली. दाराची रबरी कड बोटाने पुसत म्हणाला, "तुझा दोष नाही रे." मग पिशवी उचलून तो बसच्या थांब्याकडे चालू लागला. त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. तो घरी निघाला होता.

त्याच्यानंतर बरेच चालक आले. कोणी पेटी धुतली नाही. यंत्र एकदा कायमचे बंद पडले, तेव्हा मला एका सफरचंदांच्या बागेमागे आणून उभे केले. आता माझ्यात रिकाम्या पेट्या ठेवतात. इलिये कसा आहे, मला ठाऊक नाही. विचारणार तरी कोणाला?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ताजे फळ चावताना ते आणणाऱ्याची आठवण ठेवा. आणि तुमच्या घरातले कोणी असे दूर राबत असेल, तर ते माणूस ज्या दिवशी दारात येईल त्या दिवशी पुस्तके मिटा, खेळ अर्धा सोडा, त्याच्याजवळ बसा. कॅलेंडर काहीही म्हणो, तुमच्या घरी त्या दिवशी रविवार आहे.