न लुकलुकणारा दिवा

मंगळवारी पूजा आटोपली आणि मी व्हॅन थेट इसिकेलीच्या गॅरेजात नेली. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आमच्या बेटावरच्या लंबासाच्या बाजारात समोरासमोर आलो तर तो अरवीच्या ढिगाकडे बघायचा, मी माझ्या पिशवीकडे.

पण दुसऱ्या दिवशी नऊ वाजता परिवहन कार्यालयात तपासणी होती. तिथे गाडी पास झाली नाही तर शाळेची फेरी माझ्या हातून जाणार होती. ती घ्यायला माझा धाकटा दीर हरीकिशुन टपूनच बसला होता. गंमत अशी, की ही राखाडी व्हॅन मी त्याच्याच आवारातून घेतलेली. जपानहून जहाजाने आलेल्या जुन्या गाड्या तो विकतो. "वहिनी, घरच्या माणसाला कोणी वाईट माल देईल का?" असं म्हणून त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली होती.

मुलं भरली आणि चढ लागला की गाडीचा दम जायचा. शुक्रवारी वाइलेवूच्या चढावर ती चौदा मुलांसकट बंद पडली. मागून उसाचा ट्रक येत होता. तो थांबला तेव्हा दोन्ही गाड्यांत हातभर जागा उरली होती. त्यानंतर मला धड झोप लागली नाही. बाजारातल्या मोठ्या गॅरेजने परत पाठवलं. बिघाड वाचायच्या त्यांच्या मशीनची पिन हिला बसेना. म्हणाले, सत्त्याण्णवची गाडी आहे, इसिकेलीलाच विचारा, जुन्या जपानी गाड्यांचं त्यालाच कळतं.

तो टायरवर बसून कसावा खात होता. उठला नाही.

"वाट चुकलीस का, दमयंतीताई? देऊळ पलीकडच्या रस्त्याला."

"गाडी बघायची आहे."

"कोणी बघायची? यांगोना पिऊन झोपणाऱ्याने?"

हे मीच शाळेच्या कमिटीला सांगितलं होतं. रात्रभर यांगोनाच्या मुळीचं गुंगी आणणारं पाणी ढोसून हा सकाळी ब्रेकच्या कामाला पेंगत येतो, याच्या हातात मुलांच्या गाड्या देऊ नका, म्हणून. खरं होतं ते. त्याचं शाळेचं सगळं काम गेलं.

"आज जागा दिसतोस," मी म्हटलं. "म्हणून आले."

"बायको म्हणायची, ही बाई हळू बोलते, चांगली असेल. मी म्हटलं, सुरीसुद्धा आवाज करत नाही." त्याने हात पँटला पुसले. "पाणी देऊ? की मंगळवारी माझ्या घरचं पाणीही चालत नाही?"

"पाणी चालतं. गाडी बघ."

काय होतं ते मी सांगितलं. त्याने सीटखालचं झाकण उचललं, इंजिनजवळची छोटी काळी डबी उघडली आणि तारेच्या एका तुकड्याने तिच्यातली दोन भोकं जोडली. या गाड्यांना बोलतं करायची हीच रीत. तार जोडायची, किल्ली फिरवायची आणि समोरच्या काट्यांमधला पिवळा इंजिनाचा दिवा कितीदा लुकलुकतो ते मोजायचं. प्रत्येक बिघाडाचा आकडा ठरलेला असतो.

त्याने किल्ली फिरवली. दिवा लागला आणि नुसता लागून राहिला.

"बघ," तो म्हणाला. "लुकलुकत नाही. म्हणजे बिघाड नाही. चढावर गिअर नीट टाकत जा."

तो तार काढायला वाकला. मी दारातून हलले नाही.

"इसिकेली, गाडी चांगली असली तरी दिवा लुकलुकतो. एकसारखा, न थांबता. अजिबात लुकलुकत नाही तो दिवा इंजिनाला जोडलेलाच नसतो."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तूच. माझ्या नवऱ्याला शिकवत होतास, मी चहा घेऊन उभी होते. तेव्हा तू आमच्याकडे चहा प्यायचास."

तो सरळ झाला. मग स्क्रू काढण्याचं हत्यार घेऊन आत बसला. काट्यांभोवतीची चौकट काढली, चार स्क्रू सोडवले, सगळी पाटी पुढे ओढली. मागे तारांचं जंजाळ होतं, पन्नास तरी असतील, सगळ्या धुळीने एका रंगाच्या झालेल्या. टॉर्च त्याच्या खिशातच राहिली. हात उजव्या कोपऱ्यात गेला, वर वळला, आणि दोन बोटांनी त्याने पट्टी गुंडाळलेली एक तार ओढून बाहेर काढली.

शोधणाऱ्याचा हात असा जात नाही. शोधणारा आधी इकडे तिकडे चाचपतो.

"इंजिनाच्या दिव्याची तार तेलाच्या इशाऱ्याच्या दिव्याला जोडली आहे कोणीतरी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "किल्ली फिरवली की दोन्ही लागतात, गाडी सुरू झाली की दोन्ही विझतात. घेणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे."

"कोणीतरी?"

"हो. करतात लोक."

"टॉर्च न लावता सापडली तुला."

तो पट्टी सोडवत राहिला.

"हरीकिशुनने करायला लावलं?"

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. "शाळेचं काम तू तोडलंस! कमिटीसमोर डोळे मिटून, हात जोडून! दुसऱ्या आठवड्यात तुझा दीर दारात उभा. म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, कोणी मरत नाही."

"चौदा मुलं होती गाडीत."

"तू घेणार हे मला माहीत होतं का?"

"दुसरी कोणी घेतली असती तर चाललं असतं?"

मी आवाज चढवला नव्हता. तो मात्र माझ्या तोंडात शिवी आल्यासारखा मागे सरकला. खरं सांगायचं तर शिवी आली होती. मी ती गिळली. तपासणीला एकच दिवस उरला होता आणि हत्यार त्याच्या हातात होतं.

"दिवा होता तिथे जोड," मी म्हटलं. "आणि मोज. मोठ्याने."

त्याने तार जागेवर जोडली, किल्ली फिरवली. दिवा लुकलुकायला लागला. तीन. श्वासभर थांबला. एक. मग जास्त वेळ थांबला आणि पुन्हा तीन, पुन्हा एक.

"तीन, एक," तो म्हणाला. "हवा मोजणारं यंत्र गेलं. इंजिनाला कळत नाही किती हवा आत येते. चढावर गुदमरतं."

"कधीपासून?"

"इथे आली तेव्हापासून."

मागच्या गवतात तशाच एका व्हॅनचा सांगाडा होता. त्याने त्यातलं यंत्र काढून आणलं, पुसलं, बसवलं. फ्यूज काढून थोडा वेळ थांबला, जुनी नोंद पुसली जावी म्हणून, आणि परत लावला. मग पुन्हा डबीत तार. दिवा भराभर, एकसारखा लुकलुकत राहिला. मी शंभरापर्यंत मोजलं. तो कुठेही अडखळला नाही.

"उद्या पास होईल," तो म्हणाला. "झालं ना? आता हे आपल्यातच राहू दे."

मी मुलांच्या हजेरीची वही उघडली आणि मागचं कोरं पान काढलं.

"अशा आणखी किती गाड्यांच्या तारा जोडल्यास?"

"ताई, विषय संपला."

"किती?"

"सात."

"कोणाच्या, ते सांग. मी लिहिते."

"हरीकिशुन माझं गॅरेज जाळेल."

"मग बादल्या भरून ठेव."

तो हसला. त्या हसण्यात गोडवा नव्हता. "तुझा देव हेच शिकवतो का?"

"नावं सांग, इसिकेली. नाहीतर उद्या तपासणीच्या साहेबाला मी तुझं एकट्याचं नाव सांगेन."

त्याने सांगितली. सेआंगांगाच्या भाजीवाल्या बाईची. दवाखान्यातून रुग्ण नेणाऱ्याची. दोन टॅक्सीवाल्यांच्या. एक सावूसावूला गेलेली. एक गिरणीतल्या मुकादमाची. प्रत्येक नावाबरोबर तो मला काहीतरी बोलत होता. ढोंगी म्हणाला, सापीण म्हणाला. मी फक्त नावं लिहीत होते.

"सहा झाली," मी म्हटलं. "सातवी?"

तो जमिनीवरचा स्क्रू बोटाने फिरवत बसला.

"सातवी कोणाची?"

"आमच्या चर्चची," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना रविवारी आणायला घेतली. पाद्रीने मलाच सोबत नेलं होतं, गाडी पारखायला."

हे मात्र मी लिहिलं नाही. वही मिटली आणि गाडीत बसले. त्याला आपण होऊन करता येईल असं एक काम उरायला हवं होतं. इतपत मला त्याची दया आली, त्याहून जास्त नाही.

"रविवारच्या आत त्या गाडीची तार सोडव," मी म्हटलं आणि व्हॅन सुरू केली.