तळाशी घोटभर

गाडी म्हणजे माझी सवतच आहे, असं सुवर्णा आल्यागेल्याला हसून सांगायची. जुनी, गोल दिव्यांची पांढरी गाडी. मखमलाबादच्या मळ्यात घरासमोरच्या कडुलिंबाखाली ती उभी असायची आणि वाल्मीक तिला रोज सकाळी पुसायचा. फुलांच्या पाट्या आणि भाजीचे क्रेट वाहायला टेम्पो होता. गाडी फक्त माणसांसाठी. तिला गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. बायकोने भाजी खारट केली तर तो मुकाट्याने खायचा, पण परक्या माणसाने गाडीचा एक स्क्रू फिरवलेला त्याला खपत नसे.

नव्व्याण्णव सालचा मे महिना होता. लग्नसराई ऐन भरात, झेंडूला मरणाची मागणी आणि तोडायला माणसं पुरत नव्हती. बुधा आणि त्याची बायको सविता ही पेठकडची जोडी विहिरीजवळच्या खोपीत राहून राबत होती, पण दोघांनी काय होणार? आणखी कोणी मिळालं तर बघावं म्हणून वाल्मीक गाडी घेऊन डोंगराकडे गेला. आला तो रिकाम्या हाताने, आणि बोनेटमधून भसाभस वाफ निघत होती. घाटात काटा लालवर गेला, जवळचं पाणी सगळं ओतलं म्हणून कशीबशी आणली, एवढंच त्याने सांगितलं. त्या दिवशी तो धड जेवला नाही. पाण्याचं कॅन कुठे, असं सुवर्णाने विचारलं, तर म्हणाला राहिलं कुठंतरी.

तिला कॅनची हळहळ वाटली. गोडेतेलाचं पिवळं कॅन, स्वच्छ धुतलेलं. मूठ तुटली तेव्हा तिनेच जुन्या लुगड्याच्या लाल काठाची पट्टी गाठ मारून बांधली होती. मळ्यातली माणसं त्यातूनच पाणी प्यायची.

दोनतीन दिवसांनी बुधाला गावाकडून निरोप आला. त्याची आई चिमणाबाई गेली होती. जोडी तशीच उठून पेठच्या एसटीत बसली, आणि सुवर्णाने मनात म्हटलं, आता फुलं तोडायला आपणच. बाईमाणसाच्या मनात आधी कामच येतं, त्याला कोण काय करणार.

इकडे गाडीने वेगळंच मांडलं. चालू केली की जरा वेळात काटा वर, इंजिनात खदखद आणि पाणी गायब. वाल्मीक भरायचा, ती पुन्हा प्यायची. खाली थेंब गळत नव्हता. लेक दिशा नामपूरला दिलेली होती. तिला सातवा महिना, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलेलं. उन्हातान्हातून पोटुशी पोर एसटीने आणायची नाही, हा सुवर्णाचा हट्ट, आणि या हट्टापुढे वाल्मीकचं काही चालत नसे. म्हणजे गाडी नीट व्हायलाच हवी होती.

एका सकाळी त्याने इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवला. मग सुवर्णालाही ठेवायला लावला. इंजिन तव्यासारखं झालेलं आणि पाइप माठासारखा गार.

वॉल बसलाय, वाल्मीक म्हणाला. पुस्तकात त्याला थर्मोस्टॅट म्हणतात, गॅरेजवाले नुसतं वॉल. इंजिन तापलं की तो आपोआप उघडतो आणि उकळतं पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला सोडतो. हा मिटला तो उघडायलाच तयार नव्हता. पंचवटीतल्या एका मिस्त्रीने सल्ला दिला होता की काढून फेकून द्या, आपल्याकडच्या उन्हात लागतोय कशाला, सगळेच फेकतात. पण वाल्मीक म्हणजे सगळे नव्हे. त्याने रेडिएटरचं पाणी सोडलं, क्लिप सैल करून पाइप उपसला, दोन बोल्ट काढले आणि टोपणाखालून तो वॉल चिमटीत धरून बाहेर आणला. पेढ्याएवढी पितळी चकती, मागे स्प्रिंग, अंगावर तांबूस गंज.

"खरा दोषी हाच का, ते बघू," म्हणत तो थेट स्वयंपाकघरात शिरला आणि चहाच्या पातेल्यात वॉल टाकून गॅस पेटवला. सुवर्णाने कपाळाला हात लावला. पाणी उकळलं, पातेलं थडथडलं, पण वॉलने तोंड उघडलं नाही. वाल्मीकला मनापासून आनंद झाला. रोग सापडला की अर्धा बरा झाला, असा त्याचा समज. वॉल पाटावर ठेवून तो नवा आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेला.

घरात कोणी नव्हतं. वॉल घासून ठेवावा म्हणून सुवर्णाने तो वाटीत घेतला आणि वर माठातलं पाणी ओतलं. गार, वाळ्याचं पाणी.

वॉल उघडला.

हळूच, कडेने, जसे आजारी माणसाचे ओठ विलग होतात तसा. सुवर्णा पाहत राहिली. वाटीतलं पाणी खाली गेलं. वाटीला भोक नव्हतं, पाट कोरडा होता, आणि पाणी मात्र उतरत उतरत तळाला गेलं. मग वॉल मिटला. तिने पुन्हा ओतलं. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा ओतायचा तिला धीर झाला नाही. तिने वाटी उचलून न्हाणीघराच्या फळीवर उपडी घातली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. आपल्याला ऊन लागलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते तिला पटलं नाही, पण सांगितलं.

दुपार कलल्यावर नवा वॉल आला. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे वाल्मीकने ब्लेडने खरवडले, नवं पॅकिंग बसवलं, स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवून वॉल आत बसवला आणि बोल्ट आळीपाळीने आवळले. आता फक्त पाणी भरायचं होतं. तेवढ्यात बुधा आणि सविता मळ्यात शिरले. बुधाचं डोकं भादरलेलं होतं. कोणी काही विचारायच्या आत त्याने हातातली पिशवी सविताकडे दिली आणि पाणी आणतो म्हणून विहिरीकडे गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पिवळं कॅन होतं. मुठीला लाल काठाची पट्टी.

वाल्मीकच्या हातातला पाना खाली पडला. सुवर्णाने आधी गाठ पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

बुधा रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागला आणि ओतता ओतता, कोणाकडेही न बघता, सांगू लागला. पाड्यावरची विहीर आटली होती. आई एकटीच लेकाकडे यायला निघाली, डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली. घाटात, गाड्या थंड करायला थांबतात त्या वळणावर, कठड्याला टेकून बसली ती बसलीच.

"पाण्यावाचून गेली माझी आय," बुधा म्हणाला. "हातात हे कॅन व्हतं. कोरडं. बोटं सोडवता सुटंनात."

कॅन संपलं. रेडिएटरच्या तोंडाशी पाणी दिसेना. बुधाने पुन्हा भरून आणलं, पुन्हा ओतलं, पुन्हा आणलं. तेवढं पाणी त्या इंजिनात मावणंच शक्य नव्हतं. गाडीखालची माती कोरडी होती. वाल्मीक हवा अडकली असेल, असं काहीतरी पुटपुटत होता आणि त्याचा आवाज त्यालाच ऐकू जात नसावा. बऱ्याच खेपांनंतर पाणी एकदम काठाला आलं आणि थांबलं. बुधाने कॅन विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं, हात पुसले आणि खोपीत निघून गेला.

घरात आल्यावर सुवर्णाने दार लावलं आणि नवऱ्यासमोर बसली. वाल्मीक वाईट माणूस नव्हता. हे ती आजही सांगेल. म्हणून तर त्याला ते जड गेलं. घाटात गाडी उकळली, कॅनमध्ये होतं तेवढंच पाणी. म्हातारी कठड्यापासून सरपटत आली आणि ओंजळ पुढे केली. बुधाची आई आहे हे त्याला माहीत नव्हतं. थांब आजी, आधी गाडीला पाजतो, असं तो म्हणाला. गाडीने सगळं घेतलं.

"आणि कॅन?" सुवर्णाने विचारलं.

"सोडीना ती. धरूनच बसली." वाल्मीक जमिनीकडे बघत होता. "मी म्हणलो, तळाशी घोटभर हाय, घे. अन् निघालो."

"होतं का?"

"नव्हतं."

मागून दुसरी गाडी येईल असं त्याला वाटलं होतं. आता बुधाला सांगितलं तर तो उठून जाईल, गावात बभ्रा होईल आणि पोर घरी यायच्या वेळी हे नको. आधी दिशाला आणू, मग बघू, असं तो काकुळतीने म्हणत राहिला. आणि सुवर्णा, जिने आयुष्यात दारातल्या भिकाऱ्याला पाण्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं, ती हो म्हणाली. लेक आधी घरी येऊ दे. झाकली मूठ, म्हणतात ना. तिने ती आपल्या हाताने झाकली.

दुसऱ्या दिवशी गाडी नामपूरपर्यंत शहाण्या गाईसारखी चालली. काटा मधोमध. वाल्मीकच्या तोंडावर थोडा रंग आला, नवा वॉल कसा चोख बसलाय ते त्याने दोनदा सांगितलं. दिशाच्या सासूने ओटी भरली आणि गाडी नीट शे ना, असं अहिराणीत विचारून घेतलं. दिशा हसतमुख, अंगाने भरलेली, मागच्या सीटवर आईच्या शेजारी बसली.

सटाणा मागे पडलं आणि तिने पाणी मागितलं. बाटली संपवली. देवळ्याच्या अलीकडे दुसरी संपवली. देवळ्याला उसाचा रस प्याली, मग रसवाल्याच्या माठातलं पाणी, ग्लासामागून ग्लास. रसवाला हसला, दोन जीवांची आहे म्हणाला. सोग्रस फाट्याला पोचेपर्यंत तिचे ओठ उलले होते आणि जीभ बोलताना टाळूला चिकटत होती. रस्त्यात एका डॉक्टरने तपासलं, बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाला, ऊन लागलंय म्हणाला, पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या. पुड्यांचं पाणीही गेलं.

"आई, पाणी आत जातच नाही गं," दिशा म्हणाली. "तोंडातच संपतं."

वाल्मीकने गाडी कडेला घेतली आणि बोनेट उघडलं. सवयीने असेल, किंवा लेकीकडे बघवेना म्हणून असेल. सुवर्णाही उतरली. भर उन्हात एवढा रस्ता कापलेल्या गाडीचा रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. थेंबही कमी झालेला नव्हता. गाडी आता काही पीत नव्हती.

सुवर्णाने त्या स्वच्छ, स्थिर पाण्याकडे पाहिलं आणि मग काचेतून मागच्या सीटवरच्या आपल्या लेकीकडे. वाल्मीक मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हणत होता. ती म्हणाली, आधी घरी. असा आवाज त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्याने मुकाट्याने गाडी चालू केली.

उन्हं उतरताना ते मळ्यात पोचले. बुधा विहिरीच्या कठड्यावर बसला होता, शेजारी पिवळं कॅन. सुवर्णाने दिशाला धरून उतरवलं आणि तशीच त्याच्यासमोर नेली.

"बुधा, हे कॅन आमचं आहे," ती म्हणाली. "तुझ्या आईने पाणी मागितलं, ते यांना. यांनी दिलं नाही. आणि मला काल कळलं, तरी मी गप्प बसले."

सविता खोपीच्या दारात येऊन थांबली. बुधाने मुठीवरच्या लाल पट्टीवरून बोट फिरवलं.

"गाठ बघितली तवाच वळखलं, बाई," तो म्हणाला. "किती दिस पाणी पिलो ह्या कॅनातून. कोण तरी तोंडानं सांगंल, म्हणून बसलो व्हतो."

मग त्याने दिशाकडे पाहिलं. उललेले ओठ पाहिले, पोट पाहिलं. तो उठला, कॅन विहिरीत सोडून भरलं. वाल्मीक पुढे झाला, त्याने हात पुढे केला.

"तुम्ही नाय, शेठ."

दिशाने ओंजळ धरली आणि बुधा बारीक धारेने ओतू लागला. पाणी तिच्या घशातून खाली उतरताना सुवर्णाला दिसत होतं, घोट घोट. चारपाच ओंजळी झाल्या असतील. दिशाने मान मागे घेतली, डोळे मिटले आणि पुरे म्हणाली. सुवर्णाला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

कॅनमध्ये अजून थोडं पाणी होतं. बुधाने ते वाल्मीकला दाखवलं, नीट तळ दिसेल असं वाकवून.

"तळाशी घोटभर हाय," तो म्हणाला.

हे शब्द त्याला कोणी सांगितले नव्हते. वाल्मीक जागच्या जागी खिळला. बुधाने पेठच्या बाजूला तोंड केलं आणि तेवढं पाणी जमिनीवर ओतून टाकलं.

बुधा आणि सविता तेव्हाच निघाले. राहा म्हणायला कोणाला तोंड नव्हतं. दिशा गाढ झोपली. सुवर्णाने न्हाणीघरातली वाटी उचलून पाहिली, खाली वॉल घट्ट मिटलेला होता, नुसतं गंजकं पितळ. तिने तो कचऱ्यात टाकला आणि ताटं वाढली.

वाल्मीकने पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला. त्याने तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि पुन्हा पुढे केला. सुवर्णाने त्याच्याकडे न बघता तो भरून दिला.