तान्ह्या पोळ्यातला वॉलरस

मी वॉलरस बोलतोय, पण सागाचा. खाली चार चाकं आहेत, त्यामुळे पाण्याची मला जरा भीतीच वाटते.

कारंज्याच्या डोमाजी सुतारांच्या ओसरीत मी जन्मलो, एकोणीसशे चौपन्नच्या श्रावणात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल ओढत नेतात, तो तान्हा पोळा तोंडावर आला होता. मधुकरराव मास्तरांची मीरा पुस्तकातलं चित्र घेऊन आली. म्हणाली, "बैल नको, मला हा हवा."

डोमाजींनी जन्मभर बैलच घडवलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर दोन झकास शिंगं बसवली.

"काका, ते सुळे आहेत. तोंडातून खाली येतात."

"मले वाटलं, चित्र काढणाऱ्याचंच चुकलं असन," डोमाजी म्हणाले. शिंगं उपटून त्यांनी तोंडात ठोकली. चाकं मात्र ठेवली. "चाकाबिगर पोळ्यात कसा जाईन हा?"

मीरा मला मांडीवर घेऊन माझ्या भाऊबंदांच्या गोष्टी सांगे. ते गार समुद्रात राहतात. मिशांनी चाचपून तळाचे शिंपले खातात. बर्फावर एकमेकांच्या अंगावर रेलून झोपतात, आणि एक सरकला की सगळे ओरडतात. मला वाटे, ही तर बाजाराच्या दिवसाची मोटार.

पोळ्याच्या तोरणाशी सदाशिवराव दुकानदार उभे होते. रांगेत कोणाला घ्यायचं ते त्यांच्या हाती.

"काऊन व मीरा, हा कोणता बैल? याले तं शिंगंच नाईत."

"बैल नाही, वॉलरस आहे."

"मंग बाजूले हो. पोळा बैलाइचा असते."

दोरीवर मीराची मूठ आवळली. तिचे डोळे भरले. माझं तर लाकूडच धडधडलं.

तेवढ्यात सदाशिवरावांच्या पत्नी सुमित्राबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. "थांबा जी. पोरी, काम काय करते हा?"

"सुळे रोवून बर्फावर चढतो. याची आई पिल्लाला पाठीवर घेऊन पोहते."

"घ्या. पाठीवर ओझं वाहते, मंग कामाचाच झाला. तुमचा गोऱ्हा तं जू पाहूनच पळते."

सगळे हसले, सदाशिवरावही. त्यांनी तोरण जरा वर धरलं. सुमित्राबाईंनी शिंगं शोधली, मिळेनात, म्हणून दोन्ही सुळ्यांना कुंकू लावलं आणि माझ्या मिशांना पुरण.

आता माझा एक सुळा झिजलाय, एक चाक कुरकुरतं. तरी दर पोळ्याला मीरा मला कोनाड्यातून काढते आणि तेल लावते. तुम्ही कधी त्या गार समुद्राकडे गेलात, तर माझ्या भाऊबंदांना एवढंच सांगा: शिंपल्यांचा कंटाळा आला तर कारंज्याला या. इथे आपल्याला पुरणपोळी मिळते.