हेल्पलाइनवरचा आवाज

डिचोलीच्या बसस्टँडसमोर सुविधाचा फोटो लागला, तेव्हा कारापुरातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून तो बघून आली. फोटोत ती फिकट निळ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर बसून हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं, 'झुळूक', आणि त्याखाली, 'घरच्या माणसासारखी सेवा.'

सुविधा साखळीच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. कारापूर ते साखळी ती याच स्कूटरवरून जायची आणि गाडी खरंच चांगली चालायची. गाडी घेतल्यावर सुरुवातीला कंपनीकडून कोणी ना कोणी फोन करून विचारपूस करी. मग निहार नावाचा जाहिरात विभागातला मुलगा कॅमेरा घेऊन आला. सुविधा तिच्या मनाने जे बोलली ते त्याला आवडलं, पण पुरेसं वाटलं नाही. "मॅडम, एवढं एकच वाक्य घ्या ना, घरच्या माणसासारखी सेवा," असं म्हणून त्याने पुन्हा पुन्हा बोलून घेतलं. त्यात खोटं असं तिला काही वाटलं नाही. गाडीबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. तक्रार घेऊन जाण्याची वेळच आली नव्हती.

तिचा व्हिडिओ बघून शिरगावला दिलेल्या तिच्या नणंदेने, देवकीनेही तीच स्कूटर घेतली.

शुक्रवारी दुपारी शाळेत मुलांचे दाखले करत असताना देवकीचा फोन आला. आवाज वरच्या पट्टीत होता.

"वहिनी, बॅटरी फुगली गो. हात लावूक जायना इतकी तापली आसा."

"चार्जिंग काढलंस?"

"केव्हाच काढलंय. तरी जळको वास येता. ह्या आठवड्यात कितके फोन केलंय कंपनीक. बॅटरी तापता म्हणून सांगलंय. माणूस पाठवतो म्हणतत आणि कोण येना. आता तर फोनच उचलत नाय. नुसतो तुझो आवाज येता."

"माझो आवाज?"

"आमचे प्रतिनिधी व्यस्त आहेत म्हणतत आणि मगे तू बोलूक लागतंस. नमस्कार, मी सुविधा. सारखी तूच!"

हे कंपनीने सुविधाला सांगितलं नव्हतं.

"बॅटरी खंय आसा?"

"भायल्या खोलीत, दाराकडे. गाडीतसून काढून थंयच चार्जिंगाक लावतंय. बाबा मधल्या खोलीत निजलेत. वहिनी, मी एकटीच आसंय."

बाबा म्हणजे देवकीचे सासरे गोकुळदास. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. बसवायचं म्हटलं तरी दोन माणसं लागत. देवकीचा नवरा मडगावला ड्युटीवर होता.

"तू शेजारच्या धाकूदादाक हाक मार. मी आता कंपनीक लावतंय," सुविधा म्हणाली.

तिने हेल्पलाइन लावली. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, सगळं केलं. मग संगीत वाजलं आणि तिच्याच गळ्यातून तिला ऐकू आलं, 'नमस्कार, मी सुविधा, कारापूरहून. झुळूक म्हणजे घरच्या माणसासारखी सेवा.' पुन्हा संगीत. पुन्हा तीच. स्वतःचा तो गोड, निवांत सूर तिला ऐकवेना.

तिने फोन कापला आणि निहारला लावला. त्याने लगेच उचलला.

"बोला मॅडम! तुमच्या व्हिडिओला काय रिस्पॉन्स आहे म्हणून सांगू..."

तिने त्याला मध्येच तोडून सगळं सांगितलं.

"घाबरू नका. मी डिचोलीच्या शोरूमलाच आहे, आमचा मेकॅनिक घेऊन निघतो. तोपर्यंत त्यांना म्हणावं, बॅटरीला हात लावू नका. आणि मॅडम, त्या शूटिंग वगैरे करत नाहीत ना? फायर ब्रिगेडला कळवण्याएवढं काही नाही. उगाच बोभाटा होतो, पेपरवाले येतात. तुमचाही फोटो आहे, तुम्हालाच त्रास."

"घरात झोपून असलेलं माणूस आहे, निहार."

"म्हणून तर सांगतोय, पॅनिक करू नका."

तिने फोन ठेवला आणि आधी अग्निशमन दलाला कळवलं. मग देवकीला.

"बॅटरी थंयच सोड. बाबांक मागल्या दारान भायर काढ. आता, हे घडयेक!"

पलीकडे देवकी धाकूदादाच्या नावाने ओरडत होती. भांडं पडल्याचा आवाज झाला. मग फट्ट असं काहीतरी फुटलं, देवकी किंचाळली आणि फोन बंद झाला.

सुविधा पळत खाली आली. तिची स्कूटर नेहमीप्रमाणे पहिलीच्या वर्गाच्या खिडकीखाली उभी होती. चावी हातात होती, पण सीटवर बसायला पाय उचलेना. आत मुलं पाढे म्हणत होती. तिने सहकारी सेजलला हाक मारली. दोघींनी मिळून स्कूटर ढकलत मैदानाच्या मधोमध नेऊन उभी केली, शिपायाला तिथे कोणाला फिरकू देऊ नको म्हणून सांगितलं आणि सेजलच्या पेट्रोलच्या गाडीवरून दोघी शिरगावच्या वाटेला लागल्या.

वाटेत सुविधा देवकीचा नंबर लावत राहिली. लागत नव्हता. डिचोलीत बसस्टँडसमोर ट्रक आडवे आले तेव्हा सेजलला थांबावं लागलं. सुविधाने मान वर केली नाही.

शिरगावात पोचल्या तेव्हा बंब आधीच आला होता. पुढल्या खोलीच्या खिडकीतून काळा धूर निघत होता आणि जवान आत पाण्याचा मारा करत होते. समोर धाकूदादाच्या अंगणात गोकुळदासबाब प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. ते कलंडू नयेत म्हणून धाकूदादाने त्यांना मागून कवेत धरलं होतं. ते खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण श्वास चालू होता. "चादरीसकट ओढून काढलो तेंका," धाकूदादा म्हणाला.

देवकी जरा लांब उभी होती. रडत नव्हती. सुविधा जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तशी ती बाजूला सरकली.

"मी कंपनीवर इश्वास ठेवलंय नाय, वहिनी. तुझ्यावर ठेवलंय."

सुविधाने हात मागे घेतला.

आग विझता विझता निहार पोचला. सोबत मेकॅनिक होता. जळलेल्या खोलीकडे बघून निहारचा चेहरा उतरला, पण बोलायला लागल्यावर त्याचा सूर तोच जाहिरातीतला होता. "खूप वाईट वाटलं. ताईंना आम्ही नवी गाडी देऊ, खोलीही नीट करून देऊ. फक्त हे आपल्यातच राहू द्या. चार्जर दुसरा वापरला असेल, आम्ही तपासतो."

"चार्जर तुमचोच आसा," देवकी म्हणाली. "आणि मी आठवडोभर तुमका सांगतंय."

सुविधाने विचारलं, "अशीच बॅटरी आणखी किती घरांत आहे? त्या सगळ्यांना आत्ता फोन कराल?"

"ते हेड ऑफिस ठरवेल, मॅडम."

"आणि माझा आवाज? तो कधी काढणार?"

"तेही हेड ऑफिसच."

सुविधाने कॅमेरा चालू करून सेजलच्या हातात आपला मोबाइल दिला. मग देवकीकडे वळली. "तुझ्या घरात उभी रवन बोलू? तू नको म्हणशीत तर नाय बोलूचंय."

देवकीने मानेनेच हो म्हटलं.

"मॅडम, जाहिरातीच्या कराराने तुम्ही आमच्याशी बांधील आहात," निहार घाईने म्हणाला. "कंपनी कोर्टात जाऊ शकते."

कोर्टाचं नाव तिच्या घरात आजवर कोणी काढलं नव्हतं. तरी ती दारात जाऊन उभी राहिली. मागे काळी भिंत, वितळलेला पंखा. कॅमेऱ्यापुढे पूर्वी ती हसली होती. आता ती हसली नाही.

"मी सुविधा. झुळूकच्या जाहिरातीतली. माझं ऐकून तुम्ही गाडी घेतली असेल तर आता माझंच ऐका. बॅटरी तापत असेल, फुगली असेल, वास येत असेल, तर तिला हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि आधी फायर ब्रिगेडला फोन करा, मग कंपनीला. बाकीच्यांनी चार्जिंग बंद ठेवा, गाडी घरापासून लांब उघड्यावर लावा. माझ्या नणंदेने आठवडाभर कंपनीला फोन केले. कोणी आलं नाही. हे तिचं घर आहे."

सेजलने मोबाइल खाली केला आणि व्हिडिओ तिथूनच सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पार पेडण्यापर्यंत सगळीकडे फिरला. नंबर कुठून मिळाला कोण जाणे, पण सुविधाला फोनांमागून फोन येऊ लागले. धारगळचे एक आजोबा म्हणाले, त्यांची बॅटरी जिन्याखाली आहे, वर नातवंडं निजतात. "गरम आसा?" तिने विचारलं. "मातशी आसा, थोडीशी." "मग नातवंडांक घेऊन भायर येवा आणि बंब बोलवा. फोन चालू ठेवा, मी आसंय." बंब आला असं ते म्हणेपर्यंत तिने फोन कानाचा काढला नाही.

सोमवारी कंपनीने तपासणीसाठी सगळ्या बॅटऱ्या परत मागवल्या. हेल्पलाइनवर आता नुसतं संगीत वाजतं. सुविधाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे, आणि देवकीने ग्राहक आयोगात दावा लावला आहे. दोन्ही प्रकरणं अजून मिटायची आहेत.

पण त्या शुक्रवारी, अंधार पडू लागला तेव्हा, सेजल घरी जायला निघाली आणि सुविधाही तिच्यामागे गाडीवर बसायला गेली. देवकी धाकूदादाच्या ओट्यावर सासऱ्यांना पेज भरवत होती. तिने मान वळवली नाही.

"तू खंय चाललंस?" ती म्हणाली. "राती बाबांक कूस बदलूक दुसरो माणूस व्हयो."

सुविधा ओट्यावर चढली आणि पदर खोचून गोकुळदासबाबांच्या दुसऱ्या बाजूला बसली.