देवीचा तिसरा हात

डबी उघडली तेव्हा एनिडला आधी वाटलं, क्लेमेंटनं चुकून दुसऱ्याच कुणाची नाणी दिली.

तिची तीन नाणी रोमन बादशहांच्या काळातली, पण त्यांच्या टांकसाळीतली नव्हेत. सरकारी नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या खेड्यापाड्यांत लोकांनी आपापली नाणी पाडली. नाणेक्लबातली मंडळी असला माल नाक मुरडून टोपलीत टाकत. एनिड बावीस वर्षं तोच वेचत आली होती. ही तिन्ही तिच्या भावाच्या बीटाच्या शेतात मिळाली होती. तिन्हींवर एकच देवी, अन् देवीला हात तीन. एकाच ठशाची तीन नाणी एकाच शेतात, म्हणजे टांकसाळ इथंच, आपल्या गावात. तेच दाखवायला तिनं शनिवारच्या प्रदर्शनाला संग्रहालयाच्या बाईंना बोलावलं होतं. क्लबचा चांगला कॅमेरा अध्यक्षांकडे, म्हणजे क्लेमेंटकडे, म्हणून नाणी फोटोपुरती त्याच्याकडे दिलेली.

आता देवीला दोनच हात होते. वरचा हिरवा कळंक घासून, कोरणीनं तिसरा तासून टाकलेला. तिघी आता एकमेकींशीही जुळत नव्हत्या.

"कशी गोजिरी दिसतात बघा," चहात बिस्किट बुडवत क्लेमेंट म्हणाला. "कुणा अडाण्याची चूक होती. मंगळवारी बसलो आणि सुधारली."

"तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

"अहो एनिड, मुळात खोटीच नाणी ती. खोट्याचं कसलं एवढं सोवळं?"

एनिडचे कान तापले. कुणा लोहारानं जन्मात न पाहिलेली देवी ऐकीव माहितीवर, मन लावून कोरली. हात मोजत बसला नाही. त्याच्या नाण्याला बाजारात भाकरी मिळत होती, आणि देणारा-घेणारा दोघंही जाणून होते. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. सतराशे वर्षं मातीनं सांभाळलेला हात या माणसानं चहा निवेपर्यंत उडवला होता, आणि वर शाबासकी मागत होता.

ती चहाला न शिवता उठली.

क्लबच्या चिटणीसबाईंनी तिला परोपरीनं समजावलं. नाण्यांचं तबक घरीच ठेव, एनिडला बरं नाही असं आम्ही पाहुण्यांना सांगू, चारचौघांत शोभा नको. एनिडनं सगळं ऐकून घेतलं. शनिवारी चर्चच्या सभागृहात तबक पहिल्याच टेबलावर होतं, शेजारी तिच्या सुबक अक्षरातली पाटी.

नवा टाय लावलेला क्लेमेंट संग्रहालयाच्या बाईंना घेऊन आला. बाईंनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं:

"खोटी नाणी. याच गावात, गेल्या मंगळवारी घडवली. कारागीर, क्लेमेंट ऑल्डस, क्लबचे अध्यक्ष."

क्लेमेंटची मान लाल झाली. "ही पाटी आधी काढा," तो दात आवळून पुटपुटला.

एनिडनं पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

"काही चूक असली तर सुधारा ना," ती हळूच म्हणाली.